अंधेरी पूर्वेची निवडणूक

आपल्या महाराष्ट्राच्या विधानसभेत २८८ आमदार निवडून जातात. म्हणून राज्याचे २८८ भाग पाडलेले आहेत. अशा एका भागाला मतदारसंघ म्हणतात. लोक वाढतात, वस्ती हलते, म्हणून काही वर्षांनी या हद्दी पुन्हा आखतात. २००८ साली त्या नव्याने आखल्या. मुंबईत अंधेरी स्टेशनाच्या पूर्वेस एक मतदारसंघ आहे, अंधेरी पूर्व. त्याचा क्रमांक १६६. आपल्यातले कितीतरी लोक पोटासाठी मुंबईस जातात, तेव्हा अंधेरी तुम्ही ऐकली असेलच.

नव्या हद्दींवर पहिली निवडणूक २००९ साली झाली. काँग्रेसचे सुरेश शेट्टी निवडून आले. शिवसेनेचे रमेश लटके हरले. २०१४ साली शिवसेना आणि भारतीय जनता पक्ष वेगवेगळे लढले. लटके यांना ५२,८१७ मते पडली, भाजपच्या सुनील यादव यांना ४७,३३८. २०१९ साली लटके पुन्हा आले. या खेपेस दुसऱ्या नंबरावर होते मुरजी पटेल. ते अपक्ष होते. अपक्ष म्हणजे कोणत्याही पक्षाच्या तिकिटाशिवाय उभा राहिलेला.

मे २०२२ मध्ये रमेश लटके वारले. जागा रिकामी झाली. आता पाच वर्षे पुरी होईपर्यंत थांबायचे का? नाही. कायदा म्हणतो, सहा महिन्यांच्या आत तेवढ्याच जागेसाठी मत घ्या. हिला पोटनिवडणूक म्हणतात. पोटजात म्हणतो ना आपण, तेच हे पोट. भुकेशी त्याचा संबंध नाही!

लटके यांच्या पत्नी ऋतुजा लटके उभ्या राहिल्या. त्या मुंबई महानगरपालिकेत नोकरीस होत्या. नोकरी सोडल्याशिवाय अर्ज भरता येईना, आणि राजीनामा तर मंजूर होईना. अर्ज भरण्याचा शेवटचा दिवस १४ ऑक्टोबर. आदल्या दिवशी उच्च न्यायालयाने हुकूम दिला, राजीनामा मंजूर करा आणि उद्या पत्र हातात द्या. तेव्हा कुठे अर्ज गेला.

त्याच सुमारास शिवसेनेत फूट पडली होती. धनुष्यबाण आमचा, असे दोन्ही बाजू म्हणत होत्या. निवडणूक आयोगाने ते चिन्ह तूर्त कोणालाच दिले नाही. ऋतुजाबाईंना मशाल मिळाली. समोर भाजपचे मुरजी पटेल होते. पण गेलेल्या आमदाराच्या घरचे माणूस उभे आहे, तेव्हा माघार घ्यावी, असे राज ठाकरे, शरद पवार यांनी सुचवले. १७ ऑक्टोबरला पटेलांनी अर्ज मागे घेतला.

३ नोव्हेंबरला मतदान झाले. शंभरातले सुमारे बत्तीस मतदार आले, अडुसष्ट घरीच राहिले. ऋतुजाबाईंना ६६,५३० मते पडली. आणि दुसरा नंबर कोणाचा? कोणाही माणसाचा नाही. दुसरी आली नोटा. तिला १२,८०६ मते!

नोटा म्हणजे ‘वरीलपैकी कोणीही नाही’. मतयंत्रावर सगळ्या नावांच्या खाली हे बटण असते. पूर्वी कोणीच पसंत नसेल तर मतदाराला केंद्रातल्या अधिकाऱ्यास तसे तोंडाने सांगावे लागे, आणि ते वहीत लिहिले जाई. मग गुप्तता कसली राहिली? सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली सांगितले, हे मतही गुप्तच पाहिजे. तेव्हापासून हे बटण आले. पण एक नीट समजून घ्या. आमदारकीच्या निवडणुकीत नोटाला सर्वांत जास्त मते पडली, तरी निवडणूक रद्द होत नाही. उमेदवारांत ज्याला जास्त मते, तोच निवडून येतो. नोटाने नाराजी आकड्यात दिसते, एवढेच. तरी घरी बसणाऱ्यापेक्षा रांगेत उभा राहून ते बटण दाबणारा मला बरा वाटतो. त्याचे म्हणणे निदान मोजले तरी गेले.

पुढे फेब्रुवारी २०२३ मध्ये आयोगाने धनुष्यबाण एकनाथ शिंदे यांच्या गटाला दिला. नोव्हेंबर २०२४ मध्ये सार्वत्रिक निवडणूक आली. मुरजी पटेल आता शिंदे यांच्या शिवसेनेतून उभे होते, धनुष्यबाण घेऊन. ऋतुजा लटके मशालीवर. म्हणजे पहा, ज्या चिन्हावर नवरा दोनदा निवडून आला, तेच चिन्ह आता बायकोच्या समोर! पटेल यांना ९४,०१० मते पडली, लटके यांना ६८,५२४. पटेल आमदार झाले.

१९५२ साली पहिली निवडणूक झाली तेव्हा बहुतेकांना अक्षर येत नव्हते. पेटीवरचे चित्र पाहून लोक मत टाकीत. चित्र आजही आहे, पण त्याच्या शेजारी उमेदवाराचे नावही असते. बटण दाबले की बाजूच्या काचेत एक चिठ्ठी दिसते. तीवर क्रमांक, नाव आणि चिन्ह असते. ती सात सेकंद दिसते आणि मग पेटीत पडते. तेवढ्या वेळात नाव वाचून होते. सावकाश वाचणाऱ्यालाही जमते.