झोळीतली थंडी पाठीखालून येते

हिवाळ्यात सह्याद्रीत मुक्कामी ट्रेकला जाणारे काही जण तंबूऐवजी हॅमॉक, म्हणजे दोन झाडांना बांधायची झोळी नेतात. सॅक हलकी होते, जमीन ओली असली तरी अडत नाही. पण मध्यरात्रीनंतर जाड स्लीपिंग बॅगमध्येही पाठ गार पडते.

ऊब टिकते ती पांघरुणात अडकलेल्या हवेमुळे. अंगाच्या भाराने खालचा थर दबतो, ही हवा निघून जाते आणि झोळीखालून वाहणारा वारा शरीराची उष्णता ओढून नेतो.

म्हणून आणखी एक ब्लँकेट वाहून नेण्यापेक्षा पाठीखाली फोमची कॅरीमॅट घालावी. ती वजनाला हलकी असते आणि तिच्यातले हवेचे बंद कप्पे सहसा दबत नाहीत. घामाने भिजलेले सुती कपडे बदलून कोरडे कपडे, मोजे, कानटोपी घालावी. उबेसाठी मद्य घेऊ नये. त्याने त्वचेतल्या रक्तवाहिन्या रुंदावतात आणि शरीर अधिक गार पडते.

शरीराच्या आतले तापमान ३५ अंश सेल्सिअसखाली गेले, तर तो हायपोथर्मिया. बोलणे अडखळू लागले, तोल जाऊ लागला किंवा अंग गार असूनही कुडकुडणे थांबले, तर सोबत्याला आडोशाला न्यावे, ऊब द्यावी आणि वैद्यकीय मदत मिळवावी.