शिक्का आणि मोर्तब

मराठी राजवटीत पत्राच्या शिरोभागी मुद्रा उमटवीत आणि मजकूर संपताच मोर्तब करीत. मुद्रेवरून पत्र कोणाचे हे कळे; मोर्तब मजकुराची सीमा दाखवी, म्हणजे खाली कोणास ओळ वाढविता येत नसे.

आज भिलाईकडील बोरसीत बसून एखाद्याची आज्ञावली दूरच्या संगणकाकडे माहिती मागते, तेव्हाही प्रश्न तेच असतात : मागणारा खरा कोण, आणि वाटेत मजकूर कोणी फिरविला तर नाही ना? यासाठी दोन किल्ल्या असतात. एक नावासारखी उघड, दुसरी गुप्त. ही दुसरी मागणीबरोबर धाडावयाचीच नसते. मजकूर, वेळ आणि गुप्त किल्ली यांवर गणित करून एक लहानसा ठसा काढतात व तोच जोडतात. पलीकडचा संगणक आपल्याजवळील किल्लीने तेच गणित करतो. ठसे जुळले तरच दार उघडते. 'एचमॅक' नावाच्या या रीतीचा तपशील १९९७ साली इंटरनेटच्या दस्तऐवजांत प्रसिद्ध झाला. एक अक्षर बदलले तरी ठसा पालटतो. वेळ नोंदलेली असल्यामुळे शिळी मागणीही नाकारता येते.

परंतु शिक्काच चोरीस गेला, तर बनावट पत्रही अस्सल ठरते. गुप्त किल्ली हाती लागलेल्या चोराने केलेला खर्च मालकाच्याच नावे पडतो. म्हणून ती आज्ञावलीच्या मजकुरात लिहू नये. तिला कामापुरतेच अधिकार द्यावेत. ठराविक मुदतीने ती बदलावी आणि संशय येताच तत्काळ रद्द करावी.