जाळीच्या पडवीची निगा

गोव्यातील घर म्हटले की घरापुढची पडवी डोळ्यांसमोर येते. कोणी तिला ओसरी म्हणतात, कोणी वसरी. दोन्ही बाजूंस बसायचे सोपे असलेल्या घरांतून तिलाच बाल्कांव हे नाव आहे. आल्यागेल्याचे स्वागत, मुलांचा अभ्यास, वृद्धांची दुपारची झोप, सुपारी सोलणे, चतुर्थीच्या माटोळीची बांधाबांध ही सारी कामे याच जागेत होतात. ती दिवसभर वापरता यावी आणि डासांचा उपद्रव मात्र होऊ नये, म्हणून पुष्कळ कुटुंबांनी पडवीला बारीक तारेची जाळी बसवून घेतली आहे. अंगणवाड्या, वसतिगृहे आणि दवाखान्यांचे व्हरांडे यांनाही अशी जाळी असते.

जाळी बसविताना जी काळजी घेतली जाते ती पुढे टिकत नाही, असा सर्वसाधारण अनुभव आहे. एकदा खर्च झाला की काम संपले, अशी समजूत होते. वास्तविक गळके छप्पर पहिल्याच पावसात आपण होऊन तक्रार करते. जाळीचे तसे नाही. ती मुकाट्याने झिजते आणि कोपऱ्यातली बोटभर फट महिनोन्‌महिने कोणाच्या लक्षात येत नाही. डास माणसाच्या उच्छ्वासातील वायूच्या, अंगाच्या उबेच्या आणि गंधाच्या मागावर येत असतो. अशी फट शोधणे त्याला कठीण नसते. आत शिरल्यावर बाहेरची वाट मात्र सहजी सापडत नाही आणि तो आतील भिंतीवर, कपड्यांच्या मागे, खाटेखाली दबा धरून राहतो. घरातील माणसे जाळीच्या भरवशावर मच्छरदाणी लावण्याचे सोडून देतात. अशा वेळी फाटकी जाळी ही उघड्या पडवीपेक्षाही अधिक घातक ठरू शकते, कारण उघड्यावर बसणारा माणूस निदान सावध असतो.

जाळीचे महत्त्व वैद्यकशास्त्राला पटले त्यास आता सव्वाशे वर्षे होत आली. सिकंदराबाद येथे २० ऑगस्ट १८९७ रोजी रोनाल्ड रॉस यांना डासाच्या जठराच्या भित्तिकेत हिवतापाचे जंतू दिसले. त्यानंतर तीन वर्षांनी, १९०० साली, इटलीत ग्रासी यांनी कापाच्चोच्या हिवतापग्रस्त मैदानात ११२ माणसांना सायंकाळपासून पहाटेपर्यंत डासांपासून सुरक्षित ठेवले. त्यांपैकी केवळ पाच जणांना हिवताप झाला. असे संरक्षण नसलेल्या ४१५ जणांपैकी एकही त्यातून सुटला नाही. त्याच वर्षी लंडनहून गेलेले सॅम्बन आणि लो हे डॉक्टर रोमजवळच्या ऑस्तिया येथील दलदलीत जाळी लावलेल्या झोपडीत संपूर्ण हंगामभर राहिले आणि क्विनाइन न घेताही निरोगी राहिले. या सर्व प्रयोगांत औषधाचे काम एका जाळीने केले होते. अर्थात ती जाळी अभंग होती.

गोव्यापुरते बोलायचे तर १९८६ साली पणजीत उद्भवलेली हिवतापाची साथ जुन्या माणसांच्या स्मरणात असेल. विहिरी, टाक्या आणि बांधकामावर साठविलेले पाणी यांत वाढणारा ॲनाफेलिस स्टीफेन्सी हा डास येथे हिवताप पसरवितो. त्यानंतरच्या प्रयत्नांनी हिवतापाचे प्रमाण पुष्कळच घटले, परंतु डेंग्यूचा प्रश्न उभा राहिला आहे. डेंग्यू पसरविणारा एडिस हा डास दिवसा चावतो. विशेषतः सूर्योदयानंतर काही वेळ आणि सूर्यास्तापूर्वी. या वेळी कोणी मच्छरदाणीत नसते. बहुतेक माणसे पडवीत असतात. म्हणूनच दिवसा वापरल्या जाणाऱ्या पडवीची जाळी शाबूत असणे अगत्याचे आहे.

जाळीचे माप

डास अडविण्यासाठी जाळीचे छिद्र १.२ मिलिमीटरपेक्षा मोठे असता कामा नये. दुकानात ही जाळी इंचाला किती घरे, या हिशेबाने मिळते. इंचाला १६ घरे असलेली आणि २८ गेजच्या तारेची जाळी घेतल्यास छिद्र जवळजवळ १.२ मिलिमीटरचे पडते. तार याहून बारीक असेल तर तितक्याच घरांत छिद्र मोठे होते, हे गिऱ्हाइकाने ध्यानात ठेवावे. तपासणी सोपी आहे. शाळकरी मुलाच्या कंपासपेटीतली पट्टी जाळीवर धरून एका इंचातील घरे मोजावीत. उभी आणि आडवी, दोन्हीकडून. कोंबड्यांच्या खुराड्याची षट्‌कोनी जाळी किंवा खिडकीची नक्षीदार जाळी डासांच्या दृष्टीने नसल्यासारखीच. दुसऱ्या बाजूस, अतिशय दाट जाळी बसविल्यास वारा अडतो. वर सांगितलेल्या मापाच्या जाळीतही शेकडा ५८ इतकाच भाग मोकळा असतो, बाकी जागा तारेने व्यापलेली असते. त्यातच धूळ आणि कोळिष्टके साचली, किंवा हौसेने ब्रशने जाड रंग फासला, की पडवी कोंदट होते; मग उकाड्याने त्रासून घरातलेच कोणी जाळीचे दार उघडे टाकते. जाळी न फाटताही निकामी होते ती अशी.

खारी हवा आणि धातूंचे वैर

किनाऱ्यालगत जाळीचा मुख्य शत्रू खारी हवा होय. वाऱ्याबरोबर येणारे मिठाचे सूक्ष्म कण तारेवर बसतात, हवेतील ओलावा शोषून घेतात आणि तार सतत दमट ठेवतात. येथे एक गोष्ट अनेकांना उलटी वाटेल. पावसाचे पाणी जेथे थेट पडते त्या भागापेक्षा पागोळीच्या आत, छपराच्या आडोशाला असलेला जाळीचा वरचा भाग पुष्कळदा आधी गंजतो. पावसाने उघडा भाग धुऊन निघतो. आडोशाचे मीठ मात्र वर्षानुवर्षे तेथेच राहते. म्हणून तपासताना नजर खालीच न ठेवता वाशांलगतची कड शिडी लावून पाहावी, आणि कोरड्या दिवसांत महिन्यातून एकदा तरी संपूर्ण जाळी गोड्या पाण्याने वरून खाली धुवावी. याला खर्च काहीच नाही, पण इतका परिणामकारक दुसरा उपाय क्वचितच असेल.

लोखंडी जाळीवर जस्ताचा मुलामा असतो. तो स्वतः झिजून लोखंडास वाचवितो. जाळीवर प्रथम पांढरी बुकटी दिसू लागली की जस्त खर्ची पडू लागले असे समजावे. तांबूस डाग दिसले तर ते संपत आले. पांढरी बुकटी असतानाच जाळी धुऊन, वाळवून, पातळ रंगाचा हलका हात दिल्यास ती आणखी काही वर्षे काम देते. तांबडा गंज चढल्यावर रंग देण्यात अर्थ नाही. अशी जाळी अंगठ्याने हलकेच दाबून पाहावी. तारा करकरून तुटल्या तर ती बदलणेच भाग आहे.

ॲल्युमिनियमची जाळी गंजून तांबडी होत नाही, हलकी असते, म्हणून लोकांची तिला पसंती असते. पण तिचे दोन वैरी आहेत. पहिला चुना. सणापूर्वी भिंतींना सफेदी देताना चुन्याचे शिंतोडे जाळीवर उडतात, किंवा चौकटीभोवतीची फट ओल्या सिमेंटने लिंपली जाते. दोहोंतील क्षार ॲल्युमिनियम खातात. सफेदीपूर्वी जाळीवर जुने कापड टाकावे आणि शिंतोडा उडालाच तर तो वाळण्याआधी धुवावा. दुसरा वैरी म्हणजे परका धातू. खाऱ्या ओलाव्यात दोन निराळे धातू एकमेकांस चिकटून राहिले की त्यांतील एक झपाट्याने झिजतो. ॲल्युमिनियमची जाळी पितळी वा साध्या लोखंडी चुकांनी ठोकली तर चुकेभोवतीच्या तारा विरघळल्यासारख्या नाहीशा होतात; चूक जागेवर शाबूत दिसते आणि तिच्याभोवती भोक पडलेले असते. तांब्याच्या जाळीला लोखंडी चुका मारल्यास याउलट चुकाच आधी जातात. साधारण नियम असा की जाळी ज्या धातूची, चुका व स्क्रूही त्याच धातूचे घ्यावेत. ॲल्युमिनियमला स्टेनलेस स्टीलचे छोटे स्क्रू चालू शकतात.

स्टेनलेस स्टीलची जाळी महाग असली तरी समुद्राजवळ टिकाऊ ठरते. तीत ३०४ आणि ३१६ असे दोन प्रकार दुकानदार सांगतात. किनाऱ्यावरील घरांना दुसरा अधिक योग्य, कारण त्यात मिसळलेले मॉलिब्डेनम मिठाला दाद देत नाही. फायबरग्लासची जाळी गंजत नाही, पण कडक उन्हात तिचे आवरण कालांतराने ठिसूळ होते, आणि मांजराच्या नखांपुढे तिचे काहीच चालत नाही.

बिघाड कडेने सुरू होतो

जाळीच्या मधोमध पडलेले भोक सर्वांना दिसते. चेंडू लागला, माडाची झावळी पडली, कपडे वाळविण्याची दोरी चौकटीला बांधल्याने ताण आला, अशी त्याची कारणेही उघड असतात. खरा घात कडेला होतो. जाळी पट्टीखालून निसटणे, कोपऱ्याचा सांधा उघडणे, चौकट आणि भिंत यांच्यात भेग पडणे या गोष्टी हळूहळू होतात. चिऱ्याच्या भिंतीचा पृष्ठभाग खडबडीत असल्याने चौकटीमागे फट राहण्याचा संभव अधिक. ती शोधण्यासाठी रात्री पडवीतला दिवा मालवून एकाने आत उभे राहावे आणि दुसऱ्याने बाहेरून विजेरीचा झोत चौकटीच्या कडेकडेने फिरवावा. जाळीतून उजेड चाळून आल्यासारखा दिसतो. फट असेल तेथे मात्र तो लख्ख रेघेसारखा आत येतो. तेथे लगेच खडूने खूण करावी, नाहीतर सकाळी ती जागा सापडत नाही.

लाकडी चौकटीची खालची आडवी पट्टी सर्वांत आधी कुजते. भिजलेला वारा आत येतो, पाणी जाळीवरून ओघळून या पट्टीवर थांबते आणि सांध्यात मुरते. पट्टीला बाहेरच्या अंगास उतार नसेल तर रंग कितीही चांगला असो, लाकूड तग धरत नाही. दाभण घेऊन पट्टी, विशेषतः दोन्ही टोकांचे सांधे, टोचून पाहावेत. दाभण सहज आत गेल्यास लाकूड कुजले आहे. मातीच्या बारीक नळ्या जमिनीपासून वर चढताना दिसल्यास ती वाळवी होय. पिठासारखा भुसा गळत असेल तर लाकडात भुंगेऱ्याची कीड आहे. काजूच्या टरफलांचे तेल लाकडाला लावण्याची रीत होडीवाल्यांना चांगली ठाऊक आहे, आणि चौकटीच्या खालच्या पट्टीलाही ते उपयोगी पडते. मात्र हे तेल हाताला लागल्यास फोड येतात; लावताना हातमोजे घालावेत आणि ते पुरते मुरेपर्यंत मुलांना पडवीत येऊ देऊ नये.

पावसाळ्यात झड आत येऊ नये म्हणून पूर्वी माडाच्या झापा बांधीत. आता निळे प्लास्टिक बांधतात. प्लास्टिक जाळीला घट्ट चिकटवून बांधले तर मध्ये अडकलेला ओलावा चार महिने वाळत नाही आणि दसऱ्याला प्लास्टिक सोडावे तो जाळी गंजलेली आढळते. दोहोंमध्ये वीतभर अंतर ठेवावे, म्हणजे हवा खेळती राहील.

दुरुस्ती

लहान भोकात कापसाचा बोळा कोंबणे हा एका रात्रीचा उपाय झाला. बोळा पाणी धरून ठेवतो आणि भोवतालच्या ताराही गंजवितो. ठिगळ त्याच धातूच्या जाळीचे, भोकापेक्षा चहूबाजूंनी इंचभर मोठे कापावे. त्याच्या कडेच्या दोन-तीन तारा उसवून मोकळी टोके काटकोनात वळवावीत, ती मूळ जाळीतून आरपार काढावीत आणि मागील बाजूस दुमडून दाबावीत. फायबरग्लासच्या जाळीला नायलॉनच्या दोऱ्याने बारीक टाके घातले तरी पुरते. एकाच खणात तीन-चार ठिगळे झाली की तो खण नव्याने भरणे स्वस्त पडते.

जाळीचे दार बाहेरच्या बाजूस उघडणारे असावे आणि त्याला आपोआप मिटविणारी स्प्रिंग असावी. आत उघडणाऱ्या दाराबरोबर त्यावर बसलेले डासही आत ढकलले जातात. दार मिटल्यावर खाली फट राहत असेल तर रबराची पट्टी लावावी. या दाराला बाहेरून कुलूप घालून माणसे आत झोपू नयेत. आगीच्या प्रसंगी जाळीची पडवी पिंजरा होते.

पडवी तपासताना जाळीच्या आतही पाहणे आवश्यक आहे. कुंड्यांखालच्या बशा, पाण्यात ठेवलेला मनीप्लँट, न झाकलेला पाण्याचा हंडा यांत एडिसच्या अळ्या वाढू शकतात, आणि तसे झाल्यास उत्तम जाळी डासांना बाहेर जाण्यापासूनच रोखून धरते. अशी भांडी आठवड्यातून एकदा रिकामी करून, घासून, कोरडी ठेवावीत.

पूर्ण तपासणी वर्षातून दोनदा व्हावी. एकदा मृग लागण्यापूर्वी मेच्या पंधरवड्यात, म्हणजे सुताराला पावसाआधी सवड मिळेल. आणि दुसऱ्यांदा पाऊस ओसरल्यावर चौकटी वाळल्या की. शाळा आणि अंगणवाड्यांत हे काम वरच्या वर्गांतील मुलांकडून शिक्षकांच्या देखरेखीखाली करून घेता येईल. प्रत्येक खणाला क्रमांक द्यावा, घरे मोजावीत, कडा आणि कोपरे पाहावेत, आढळलेला दोष तारखेसह वहीत नोंदवावा आणि दुरुस्ती होईपर्यंत त्या व्हरांड्यात लहान मुलांना झोपविताना मच्छरदाणी लावावी. शिडीवर चढून वाशांलगतची कड पाहण्याचे काम मात्र मोठ्या माणसानेच करावे.