दिवसभराचं ट्रेनिंग आपण विसरतो, मग पाच मिनिटांचा धडा कसा लक्षात राहतो?

हॉटेलचा हॉल, एसी फुल्ल, समोर शंभर स्लाइडचं प्रेझेंटेशन. जेवण झाल्यावर अर्धा हॉल डुलक्या घेतोय. संध्याकाळी सर्टिफिकेट, ग्रुप फोटो आणि तो फोटो स्टेटसला.

पंधरा दिवसांनी काउंटरवर ग्राहक विचारतो, "माझ्या खात्यातून पैसे कापले गेले, तुमच्याकडे आलेच नाहीत. आता काय करायचं?" आपण शेजारच्या सहकाऱ्याकडे बघतो. तोही त्याच ट्रेनिंगला होता आणि तोही आपल्याकडेच बघतोय.

यावर उपाय म्हणून सध्या अनेक कंपन्या 'मायक्रोलर्निंग' वापरतात. तीन ते दहा मिनिटांचा एक धडा, त्यात एकच मुद्दा, आणि तो गरज पडेल तेव्हा मोबाईलवर उघडायचा. तहान लागल्यावर विहीर खणू नये म्हणतात ते खरंच, पण विहीर आधीच खणून ठेवलेली असेल तर पाणी तहानेच्या वेळीच प्यावं ना!

आपण विसरतो का, हा प्रश्न जुना आहे. हर्मन एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने निरर्थक अक्षरं पाठ करून स्वतःवरच प्रयोग केले आणि १८८५ मध्ये निष्कर्ष छापले. पाठ केलेलं तो सुरुवातीच्या काही तासांत भराभर विसरत होता, नंतर विसरण्याचा वेग मंदावत होता. आता कामाची माहिती म्हणजे काही निरर्थक अक्षरं नव्हेत, त्यामुळे त्याचे आकडे जसेच्या तसे ट्रेनिंगला लावणाऱ्यांपासून जरा सावध राहा. पण उजळणी नसेल तर शिकलेलं निसटतं, एवढं मात्र खरं.

हे सगळं आयटी कंपन्यांचं फॅड वाटत असेल, तर आपल्या आशाताईंचं उदाहरण बघा.

गरोदर बाई आणि तान्ह्या बाळाच्या घरी काय सांगायचं, कसं सांगायचं, हे आशा सेविकांना शिकवण्यासाठी बीबीसी मीडिया अॅक्शन या संस्थेने २०१२ मध्ये बिहारमध्ये 'मोबाईल अकॅडमी' सुरू केली. अभ्यासक्रम साधारण २४० मिनिटांचा, म्हणजे चार तासांचा. पण तो एका दिवसात हॉलमध्ये बसवून शिकवायचा नव्हता. ११ प्रकरणं, प्रत्येकात चार छोटे धडे, प्रकरण संपलं की प्रश्नमंजुषा. फोन लावायचा आणि धडा ऐकायचा. स्मार्टफोन नको, इंटरनेट नको, वाचायचीही गरज नाही. मध्येच कुणी हाक मारली तर फोन ठेवायचा, पुढच्या वेळी जिथे थांबलो तिथून सुरू. २०१६ मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने हा उपक्रम देशपातळीवर नेला आणि पुढे त्याचा उजळणी अभ्यासक्रम महाराष्ट्रातही सुरू झाला.

यात खरी करामत लहान धड्यांची की प्रश्नमंजुषेची? माझं मत प्रश्नमंजुषेला. अमेरिकेतल्या रोडिगर आणि कार्पिके या संशोधकांनी २००६ मध्ये विद्यार्थ्यांवर केलेला प्रयोग प्रसिद्ध आहे. काहींनी एक उतारा पुन्हा पुन्हा वाचला. काहींनी तो एकदाच वाचला आणि मग न बघता आठवून लिहिला, असं तीनदा. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने घेतली तेव्हा चित्र उलटलं. वाचणाऱ्यांना सुमारे ४० टक्के आठवलं, आठवून लिहिणाऱ्यांना सुमारे ६१ टक्के.

म्हणून दोन तासांच्या व्हिडिओचे बारा तुकडे करून ग्रुपवर टाकले की मायक्रोलर्निंग झालं, असं नाही. तो कंटाळा हप्त्याहप्त्याने दिलेला असतो, बस्स. धड्यानंतर प्रश्न हवा, चार दिवसांनी तोच प्रश्न जरा फिरवून पुन्हा हवा, आणि धडा लगेच सापडायला हवा. काउंटरवर रांग लागलेली असताना पासवर्ड कोण आठवत बसणार?

काही गोष्टी मात्र फोनवर येतच नाहीत. दवाखान्यात बाळंतपण झालं की आशाताई तिसऱ्या दिवसापासून ४२व्या दिवसापर्यंत सहा वेळा त्या घरी जातात. आईला काय विचारायचं याची उजळणी धड्यातून होईल. पण बाळाला वजनकाट्याच्या झोळीत अलगद कसं ठेवायचं, हे कुणीतरी शेजारी उभं राहून दाखवावंच लागतं. फायर एक्स्टिंग्विशरचंही तेच. व्हिडिओ दहा वेळा बघितला तरी पिन एकदा हाताने ओढलेली बरी.

आणि एक मुद्दा, ज्यावर एचआरवाले फारसे बोलत नाहीत. 'तुमच्या सोयीने शिका' याचा अर्थ हळूच 'ड्युटी संपल्यावर शिका' असा लावला जातो. हॉलमधलं ट्रेनिंग कितीही कंटाळवाणं असो, त्या दिवसाचा पगार तरी मिळायचा. रात्री साडेनऊला 'तुमचे ३ धडे बाकी आहेत' असा मेसेज येतो, तेव्हा ती पंधरा मिनिटं कामाच्या तासांत धरणार का, हे ऑफिसला विचारायला काहीच हरकत नाही. विचारायचं तर लेखी विचारा.