नाशिकच्या तीन वाइन, एक संध्याकाळ

काल आम्ही चार मित्रांनी नाशिकच्या तीन वाइन शेजारी शेजारी ठेवून चाखल्या. त्याच्या या नोंदी.

🍏 सोव्हिन्यो ब्लाँ: ग्लास नाकाशी नेताच हिरवी ढोबळी मिरची आणि ताजं कापलेलं गवत! हा वास द्राक्षातल्या पायराझीन या घटकांचा. चव लिंबासारखी तरतरीत. कोथिंबीर वडीबरोबर फार छान जमली.

🍍 शेनिन ब्लाँ: द्राक्ष मूळचं फ्रान्सच्या लुआर खोऱ्यातलं. पिकलेला पेरू, अननस आणि शेवटी किंचित गोडवा. तिखट जेवणासोबत हीच घ्या.

🍇 शिराझ: रंग गडद, चवीला जांभूळ आणि मागून काळी मिरी. मिरीतला रोटुंडोन हा घटक या द्राक्षातही असतो. मटणाच्या रश्श्याबरोबर खुलली.

नाशिकमध्ये द्राक्षांची तोडणी साधारण जानेवारी ते मार्चमध्ये होते. हिवाळ्यातल्या थंड रात्रींमुळे फळातला आंबटपणा टिकतो, म्हणून तिथल्या पांढऱ्या वाइन मला विशेष आवडतात.

एक सूचना: पांढरी वाइन ८ ते १० अंशांवर प्या, लाल १६ ते १८ अंशांवर. आपल्याकडच्या उन्हाळ्यात लाल बाटलीही आधी अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवाच. चव एकदम सुधारते.

तुम्ही अलीकडे कोणती चाखलीत? जरूर लिहा.