जुन्या लेन्सला चिंच-लिंबू लावताय? थांबा! धातूचे भाग स्वच्छ करण्याची योग्य पद्धत काय?

पेठेतलं घर सोडून वाघोलीत फ्लॅट घेतलेल्या कुटुंबांत सामान लावताना कधीतरी एखादी चामडी पेटी निघते. आत आजोबांचा पेंटॅक्स, नाहीतर सोव्हिएत बनावटीचा झेनिट. काहींना हीच वस्तू बुधवारी आणि रविवारी भरणाऱ्या पुण्याच्या जुन्या बाजारात सापडते. आजच्या मिररलेस कॅमेऱ्याला योग्य अ‍ॅडॉप्टर लावला की ४०-५० वर्षांपूर्वीची लेन्सही त्यावर चालते. त्यामुळे फोटोग्राफीच्या नादी लागलेल्या तरुणांना या लेन्स हव्या असतात. मात्र लेन्स हाती येते तेव्हा फोकसची रिंग जाम झालेली, कडेला हिरवा थर आणि खाचांमध्ये वर्षानुवर्षांची काजळी. मग घरातून सल्ला येतो, ‘देवाच्या भांड्यांसारखी चिंच लावून घास, लख्ख होईल!’

नेमकं तेच करायचं नाही. देवघरातला तांब्या एकाच धातूचा असतो, थोडा झिजला तरी बिघडत नाही. लेन्सच्या नळीत मात्र अ‍ॅल्युमिनियम, पितळ आणि पोलाद एकमेकांत अडकलेले असतात. त्यातल्या बहुतेक भागांवर कसला ना कसला पातळ थर असतो आणि तो एकदा गेला की घरी परत आणता येत नाही.

आधी धातू ओळखा

जिथे काळा रंग झिजला आहे तिथे नीट पाहा. खालून पिवळं दिसलं तर पितळ, पांढरट दिसलं तर बहुधा अ‍ॅल्युमिनियम. छोटं लोहचुंबक चिकटलं तर पोलाद. एवढी परीक्षा पुरेशी आहे.

अ‍ॅल्युमिनियमच्या काळ्या रिंगा बहुतेकदा रंगवलेल्या नसतात, त्या अ‍ॅनोडाइझ केलेल्या असतात. म्हणजे आम्लाच्या द्रावणात वीज सोडून धातूच्या पृष्ठभागावरच ऑक्साइडचा थर वाढवलेला असतो आणि त्याच्या सूक्ष्म छिद्रांत काळा रंग भरलेला असतो. हा थर कठीण असला तरी मिलिमीटरच्या काही शतांशांइतकाच असतो. शिवाय तो आम्लातही विरघळतो आणि अल्कलीतही. त्यामुळे चिंच, लिंबू, व्हिनेगर, धुण्याचा सोडा आणि बाथरूम क्लीनर हे सगळे त्याचे शत्रू. काळी रिंग राखाडी, डागाळलेली दिसू लागली की समजायचं, थर गेला. पिंपरी-चिंचवडच्या औद्योगिक पट्ट्यात अ‍ॅनोडायझिंगची कामं होतात, पण एका रिंगसाठी सगळी लेन्स सुटी करावी लागेल. अशा रिंगांना कोमट पाण्यात साबणाचा एखादा थेंब, त्यात ओलसर केलेलं मऊ कापड आणि लगेच कोरडं फडकं एवढंच पुरे. पाणी लेन्सवर ओतायचं नाही.

पितळ, अमोनिया आणि तबेल्यातली काडतुसं

पितळी भागांवर पॉलिश लावायचा मोह सगळ्यात मोठा. अनेक धातू-पॉलिशमध्ये आणि काच पुसायच्या काही द्रावणांत अमोनिया असतो. अमोनिया आणि पितळ यांचं वैर भारतातच लक्षात आलं होतं. ब्रिटिश फौजेची पितळी काडतुसं पावसाळ्यात तबेल्यांत ठेवली जात आणि काही दिवसांनी त्यांना आपोआप तडे गेलेले दिसत. घोड्यांच्या मुतातून सुटणारा अमोनिया आणि काडतूस घडवताना धातूत राहिलेला ताण यांचा हा एकत्रित परिणाम आहे, याचा उलगडा १९२१ मध्ये झाला. लेन्सची रिंग एकदा पुसल्याने तडकणार नाही हे खरं. पण पॉलिशचा लगदा आट्यांमध्ये अडकून राहतो आणि तिथे वर्षानुवर्षं काम करत बसतो.

हिरव्या थराचं काय? हा थर मेणचट असेल तर तो बहुधा जुन्या ग्रीसमधल्या स्निग्ध आम्लांचा आणि पितळातल्या तांब्याचा संयोग असतो. लाकडी टूथपिकने तो हळूच उचलायचा आणि उरलेला आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवलेल्या कापसाच्या काडीने पुसायचा. मोबाइल दुरुस्तीवाले सर्किट पुसायला हेच अल्कोहोल वापरतात. नेल पॉलिश काढायचं अ‍ॅसिटोन मात्र दूर ठेवा. खोदलेल्या आकड्यांतला पांढरा-लाल रंग त्याने निघून येतो. रंग आधीच गेला असेल तर खाचेत थोडा एनॅमल पेंट भरून वरचा लगेच पुसून घेता येतो. आकडे पुन्हा वाचता येतात, आणि एवढ्या कष्टात इतका फरक दुसऱ्या कुठल्याच कामाने पडत नाही.

वाघोलीची धूळ वेगळी का?

वाघोली परिसर दगडाच्या खाणी आणि क्रशरसाठी ओळखला जातो. त्यात सततची बांधकामं आणि नगर रस्त्याची वाहतूक. इथली धूळ बरीचशी बेसाल्टची, म्हणजे काळ्या दगडाची. या दगडातल्या खनिजांचा कठीणपणा मोह्स मापावर ६ च्या आसपास, पितळाचा ३ ते ४ आणि साध्या अ‍ॅल्युमिनियमचा ३ पेक्षाही कमी. अशी धूळ कापडाने थेट पुसणं म्हणजे सँडपेपर फिरवणं. म्हणून आधी हाताने दाबायचा रबरी ब्लोअर, मग मऊ ब्रश आणि शेवटी कापड. हा क्रम चुकवू नका.

हीच धूळ फोकस रिंगखालच्या ग्रीसमध्ये शिरली की त्याची घासणारी पेस्ट होते. रिंग फिरवताना ‘खर्र’ असा आवाज आला तर जोर लावू नका.

जाम रिंग आणि तेलकट पाती

खरं तर बाहेरची चमक हा या कामातला सगळ्यात बिनमहत्त्वाचा भाग. लेन्स वाचते किंवा मरते ती आत. फोकस रिंग फिरवली की हेलिकॉइड नावाचे आट्यांचे नळकांडे एकमेकांत सरकतात. त्यातलं ग्रीस जुनं झालं की सुकून डिंकासारखं होतं आणि त्यातलं सुटं तेल अ‍ॅपर्चरच्या पातळ पात्यांवर जाऊन बसतं. तेलाने पाती एकमेकांना चिकटतात, वेळेवर मिटत नाहीत आणि फोटो जास्त उजळ येतो.

इथे सर्रास होणारी चूक म्हणजे फटीतून डब्ल्यूडी-४० सारखा स्प्रे मारणं. रिंग लगेच मोकळी होते, म्हणून माणूस खूश होतो. पण पातळ तेल जुन्या ग्रीसलाही सोबत घेऊन पात्यांवर आणि काचेवर पसरतं. योग्य उपाय म्हणजे हेलिकॉइड सुटा करून जुनं ग्रीस पूर्ण काढणं आणि नवं, अगदी थोडं लावणं.

सुटं करताना दोन गोष्टी लक्षात ठेवा. जपानी लेन्सचे स्क्रू फिलिप्ससारखे दिसतात, पण त्यांची खाच जेआयएस मापाची असते. साधा पेचकस त्यांत नीट बसत नाही आणि डोकं खाऊन टाकतो. दुसरं, हेलिकॉइडला एकापेक्षा जास्त आटे असतात. नळकांडी ज्या क्षणी सुटी होतात, तिथे दोन्ही भागांवर खूण करून फोटो काढा. चुकीच्या आट्यातही ती निमूट बसतात. मग लांबचा डोंगर कधीच फोकसमध्ये येत नाही आणि कारण सापडायला आठवडा जातो. पहिला प्रयोग आजोबांच्या लेन्सवर नको, बाजारातल्या एखाद्या मोडक्या लेन्सवर करा. अल्कोहोल आणि लायटरचं इंधन पेट घेतात, त्यामुळे हे काम गॅसपासून लांब, खिडकी उघडून. जुन्या रंगात शिसं असू शकतं, म्हणून तो कोरडा घासू नका.

या लेन्सला हात लावू नका

१८४० मध्ये व्हिएन्नाच्या योसेफ पेट्झवालच्या गणितावर फोइग्टलेंडरने पोर्ट्रेट लेन्स बनवली. पुढे १९व्या शतकातल्या पितळी लेन्सवर चमक टिकावी म्हणून लॅकरचा थर देत. जुन्या लेन्सवरची तपकिरी झाक अनेकदा या लॅकरचीच असते. घासली की पितळ चमकतं, मूळ थर जातो आणि संग्राहकाच्या लेखी किंमत घसरते. हाताने घडवलेल्या वस्तूंचं तर आणखी अवघड. बाबूराव पेंटर आणि दामले यांनी १९१८ मध्ये कोल्हापुरात स्वतःचा सिनेकॅमेरा तयार केला, त्या काळच्या अशा यंत्रांवर कानस आणि लेथच्या खुणा हाच त्यांचा इतिहास असतो. घरात असं काही असेल तर धूळ झटका आणि संग्रहालयातल्या जाणकाराला दाखवा.

स्वच्छ केलेली लेन्स पुन्हा त्याच चामडी पेटीत ठेवू नका, चामडं ओल धरतं. झाकणबंद डब्यात सिलिका जेल टाका, पावसाळ्यात ते वरचेवर बदला आणि महिन्यातून एकदा लेन्स बाहेर काढून दोन्ही रिंगा या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवा.