नव्या घराच्या तारा आणि नळ

अर्नाळ्यास घर घेऊं पाहणारीं माणसें बहुधा रविवारीं सकाळीं येतात. विरारला उतरून समुद्रापर्यंत यावें, सुरूचीं झाडें, होड्या आणि पलीकडच्या बेटावरचा किल्ला पाहावा, आणि तिथल्या तिथें विसार देण्याचें बोलणें व्हावें, असा क्रम असतो. वीज, पाणी आणि इंटरनेट यांची चौकशी मागाहून होते. माझ्या परिचयाच्या एका कुटुंबानें असेंच केलें. गृहिणी घरीं बसून एका कचेरीचे हिशेब पाहणारी. तिची नोकरी सर्वस्वी इंटरनेटवर. पहिल्याच पावसाळ्यांत तार बंद पडली, आणि दोन आठवडे तिला रोज बोरिवलीस भावाच्या घरीं जाऊन काम करावें लागलें. म्हणून, श्रोतेहो, हा विषय दिसतो तितका किरकोळ नाहीं.

विजेच्या बाबतींत निवड अशी नाहींच. मुंबईच्या उपनगरांत टाटा व अदानी यांपैकीं एका कंपनीची वीज घेण्याची सोय पुष्कळ ठिकाणीं आहे. अर्नाळ्यास पुरवठा महावितरणचा. १९६० सालीं स्थापन झालेल्या वीज मंडळाचे २००५ सालीं जे भाग पडले, त्यांतील वितरणाचा हा भाग. जुनें घर घेतांना मात्र शेवटचें बिल अवश्य मागावें. मागच्या मालकाची थकबाकी, नियमांत तशी तरतूद असल्यास, नव्या मालकाकडून वसूल करतां येते, असें सर्वोच्च न्यायालयानें २०२३ सालीं म्हटलें आहे.

पाण्याची परीक्षा घर घेण्यापूर्वींच करावयास हवी. जाहिरातींत ‘विरार पश्चिम’ असें लिहिलेलें असतें. परंतु विरारला २००९ सालीं झालेली महानगरपालिका आहे आणि अर्नाळ्यास ग्रामपंचायत. नळ कोणाचा, किती दिवसांआड येतो, हें दलालास न विचारतां शेजारणीस विचारावें. विहिरीचें किंवा बोअरिंगचें पाणी असेल तर तें मे महिन्यांत चाखावें. किनाऱ्यालगत पावसाचें गोडें पाणी वाळूंत मुरून खालच्या खाऱ्या पाण्यावर तरंगत असतें. उपसा फार झाला कीं खारें पाणी वर चढतें. ऑगस्टांत गोड लागलेली विहीर उन्हाळ्याअखेर मचूळ होते ती यामुळें.

गॅसचें कनेक्शन नव्या पत्त्यावर बदलून मिळतें. त्यावर वेळ दवडीत नाहीं.

खरी निवड इंटरनेटची. येथें लोक वेगाचा आंकडा पाहून भुलतात. शंभर एमबीपीएस म्हणजे शंभर मेगाबिट. आठ बिटांचा एक बाइट, तेव्हां सेकंदास साडेबारा मेगाबाइट. एका घरास तेवढें पुष्कळ होतें. विचारावयाचें तें निराळेंच : गेल्या जुलैंत सेवा किती दिवस बंद होती? काचेच्या तंतूंतून प्रकाश जातो, त्यामुळें खारी हवा तांब्यास खाते तशी त्यास खात नाहीं. पण तोच तंतु खांबांवरून नेला असेल तर वादळांत पडलेली एक फांदी पुरे होते. शिवाय वीज गेली कीं घरांतील पेटी बंद, आणि नाक्यावरच्या पेटीस बॅटरी नसेल तर तीही बंद. घरच्या पेटीस लहानसा यूपीएस जोडतां येतो. नाक्यावरच्या पेटीची चौकशी मात्र आपणच केली पाहिजे.

वर्षाचे पैसे एकदम भरल्यास सवलत देऊं करतात. पहिला पावसाळा पार पडेपर्यंत ती घेऊं नये. महिन्याच्या हिशेबानेंच राहावें. आणि दुसरी वाट ठेवावी ती मोबाइलची, तीही निराळ्या कंपनीची. तिचा संदेश गच्चीवर पाहून उपयोग नाहीं. ज्या खोलींत काम करावयाचें त्या खोलीचें दार लावून पाहावा.

त्या गृहिणीनें पुढें हेंच केलें. कंपनी मात्र तिनें बदलली ती समोरच्या घरांतल्या निवृत्त शिक्षकांना विचारून. त्यांच्याकडे कोणत्या दिवशीं सेवा बंद होती याची नोंद कॅलेंडरवर पेन्सिलीनें केलेली होती.